पाठीमागून भरलेली वाट

“अंधे हो क्या?” टांगेवाला ओरडला, आणि मुरलीधरनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवून, कुणी वाट विचारावी आणि आपण सांगावी इतक्या साधेपणानं सांगितलं, “हाँ भैया, हूँ.” दारात तांदूळ निवडत बसलेल्या शकुच्या मांडीवरचं सूप कलंडलं. तिचा नवरा आपल्या दाराकडे पाठ करून समोरच्या घराच्या भिंतीशी उभा होता. एक पाय नालीच्या काठावर, आणि दोन्ही तळहात त्या परक्या भिंतीवर फिरवत तो आपल्या दाराची कडी शोधत होता. घोडा फुरफुरला. टांगेवाला खाली उतरला, त्याचा चेहरा पार पडला होता, “माफ करना भैया, माफ करना,” म्हणत त्यानं मुरलीधरचं कोपर धरलं आणि चुकलेलं वासरू आणून सोडावं तसं त्याला आणून शकुच्या पुढ्यात उभं केलं. “ये आपके हैं न, दीदी?” शकु हो म्हणाली. मुरलीधर आत गेला, चाचपडत खाटेवर बसला, चपला काढून खाटेखाली सारल्या आणि म्हणाला, “झालं आता. पुरे.”

गढा गावातल्या त्या गल्लीत असल्या गोष्टीला कुणी गोष्ट म्हणालं नसतं. कुणी पडलं नव्हतं, कुणाला लागलं नव्हतं. पण शकुच्या मनातून ती भिंत जाईना. भाकरी थापताना, विहिरीवर दोर ओढताना, तिला ते तळहात दिसत. त्या भिंतीला कडी नव्हती हे तिला दिसत होतं आणि त्याला दिसत नव्हतं, आणि तरी तो किती शांतपणे, किती विश्वासानं शोधत होता. टांगेवाल्याचा राग तिला आला नाही. राग आला तो त्या ‘हाँ भैया’चा. हॉस्पिटलात डोळ्यांवरच्या पट्ट्या सुटल्या तेव्हा तो असं बोलला नव्हता. कारखान्यात भट्टीपाशी ओल्या जागी पडलेला वितळल्या धातूचा थेंब फुटून उडाला, त्याच्या डोळ्यांत गेला, ते चैतात. पट्ट्या सुटल्या श्रावणात. तेव्हा डॉक्टरला तो म्हणाला होता, “थोडं झापड आहे साहेब, जाईल.” मग दसरा गेला, दिवाळी गेली. लढाईचे दिवस. रस्त्यातल्या दिव्यांना काळ्या टोप्या घातलेल्या, खिडक्यांना कागद, सगळ्या गावालाच झापड, त्यामुळे आपलंही जाईल असं त्याला वाटत असावं. आता ते वाटणं त्या भिंतीवर पुसून आला होता तो. आणि पोरगी तर आधीच दूर. प्रतिमाला त्यानं स्वतः वरुडला मामाकडे धाडली होती. “बापाचं हे तोंड तिनं नको पाहायला,” म्हणाला. पोरगी रडत गेली, आणि शकुला त्या वेळी वाटलं होतं, चला, चार दिवसांचा प्रश्न आहे.

दिवाकर यायचा. कारखान्यात मुरलीधरच्याच शॉपमधला, जुना सोबती, यवतमाळकडचा, घरात शिरायच्या आधी दारातूनच बोलायला लागायचा. त्या आठवड्यात तो आला तेव्हा मुरलीधर भिंतीकडे तोंड करून निजला होता. दिवाकरनं खाटेच्या दांडीला हलकेच पाय मारला.

“काहून रे मुरल्या, भिंतीचं मोजमाप घेऊन राहिला काय? उठ. खबर आणली.”

“सांग.”

“नटबोल्ट छाटायचं काम आहे स्टोरात. हातानं चाचपून वेगवेगळे करायचे, बस. डोळ्याचं काम नाही. साहेब म्हणे संक्रांतीपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरा घेईन.”

“घेऊ दे दुसरा.”

“अरे ऐक तं खरं! लॉरी मोठ्या रस्त्यावर थांबते, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर. तिथून पुढं मी आहे. तिथपर्यंत तुझा तू ये. साहेबाचं एवढंच म्हणणं, की माणूस आपला आपण आला पाहिजे. उचलून आणलेला नको. लढाईचे दिवस आहेत, कोण कोणाला उचलतो?”

“मला नेलं ना परवा उचलून. टांगेवाल्यानं.” मुरलीधर भिंतीशीच बोलला. “तुझ्या वहिनीनं सही केली असती तर पार्सलच होतो मी.”

दिवाकर हसला. जाताना दारात शकुला म्हणाला, “वहिनी, बोलून राहिला तो, हे बरं आहे. वाकडं बोलतो, पण बोलतो.” शकुनं मान हलवली. संक्रांत जवळ येत होती. तिच्या मनात आलं की आपण दोघी-तिघी मिळून हात धरून त्याला कोपऱ्यापर्यंत नेऊ शकतो, पण मग तो टांगेवाल्याचाच हात झाला. काठी दिली होती तीही त्यानं खाटेखाली टाकली होती. त्याला गल्ली आधी डोक्यात पाहिजे, मग पायात, असं काहीतरी तिला वाटत होतं, पण गल्ली डोक्यात घालायची कशी? बोलून सांगितली तर तो म्हणायचा, “अकरा वर्षं राहून राहिलो ना इथं, मला शिकवते?” खरंच होतं. अकरा वर्षं तो या गल्लीतून सायकलवरून पहाटे भर्रकन गेला आणि संध्याकाळी भर्रकन आला. गल्ली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. डोळे गेले, तीही गेली.

उशी उसवली ती त्याच आठवड्यात. जुनी उशी, एका कोपऱ्यातून कापूस डोकावत होता. शकु बोटानं तो आत लोटत होती, लोटता लोटता बोट थांबलं. आतला कापूस बोटाखाली उभा राहिला होता, घट्ट, गोल, द्राक्षासारखा. तिला कॉन्व्हेंटचा व्हरांडा आठवला. ध्यानीमनी नसताना, सगळाच्या सगळा, फरशीच्या गारव्यासकट. तिचा बाप तिथं माळी होता, आणि ती आठ-नऊ वर्षांची पोर, फुलझाडांना पाणी घालून झालं की सिस्टर सेलीनच्या पायाशी बसायची. सिस्टर म्हातारी होती, फ्रान्समधल्या कुठल्याशा डोंगरातली, आणि सदान्‌कदा मांडीवर एक पांढरं कापड. पांढऱ्यावर पांढरंच शिवायची. शकुला आधी कळेचना की ही बाई दिवसभर करते काय, रंग तर कुठे नाही. मग एकदा सिस्टरनं तिचं बोट धरलं आणि कापडावर फिरवलं. वेल होती. पानं होती, फळं होती, फुगीर, उठून आलेली, जशी काही कापडालाच फुटून आली होती. रंग नव्हता कारण रंग लागतच नव्हता. सावली पडायची, तेवढी पुरे होती. सिस्टर मोडक्या हिंदीत सांगायची, हमारे देश में दुल्हन ऐसा बनाती है, ब्याह से पहले. आणि त्याच्याही आधी, फार आधी, हे काम नवरीचं नव्हतंच, शिपायांचं होतं. लोखंडाच्या चिलखताखाली अंग सोलून निघू नये म्हणून दोन कापडांत कापूस भरून टाके घालायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की टाके वाकडे घातले तर फूल होतं. समुद्रातल्या एका बेटावर तर, पाच-सहाशे वर्षांमागं, एका रजईवर राजा आणि घोडे आणि गलबतं, अख्खी गोष्टच कापसानं उठवली होती, असं सिस्टर म्हणायची आणि हातानं गलबत करून दाखवायची. लढाईतून नवरीकडे आलेलं ते काम मग माळ्याच्या पोरीकडे आलं, कारण सिस्टरची नजर अधू होत चालली होती आणि सुईत दोरा ओवायला तिला कुणीतरी हवं होतं.

काम शिकवताना मात्र सिस्टरच्या तोंडात साखर नसायची. “पहले डोरा, बाद में रुई.” वरचं कापड घट्ट विणीचं, खालचं विरळ. दोन्ही एकावर एक ठेवून आकाराच्या कडेनं बारीक धावदोरा घालायचा, की दोन्ही कापडांत मिळून एक बंद खिसा तयार होतो. मग उलट बाजूनं, त्या विरळ विणीचे धागे बोथट काडीनं हळूच बाजूला सारायचे, कापायचे नाहीत, आणि त्या फटीतून कापूस थोडा थोडा आत ढकलायचा. आकार भरला की सुईच्या टोकानं ते धागे परत जागेवर ओढून घ्यायचे. धुतलं की तेही मिटतात. कापूस आत कुठून गेला हे कुणाला सांगता येऊ नये. शकु हावरटपणानं भरायची, आणि फळाभोवतीचं सगळं कापड चुरगळून यायचं. “इतना ठूँसो मत, यह तकिया नहीं है,” म्हणून सिस्टर बोटावर चापट मारायची. आणि नक्षी काढायची ती नेहमी मागच्या बाजूला, कोळशानं. पुढची बाजू डागाळता कामा नये. फुलापानांना त्यानं काही फरक पडत नव्हता.

लग्न झाल्यावर शकुनं हे काम कधी केलं नाही. कुणासाठी करायचं? गोधड्या शिवल्या, उशा भरल्या, देवाच्या वाती वळल्या. आता त्या उसवलेल्या उशीपाशी बसून ती विचार करत राहिली, की द्राक्ष उभं राहतं तर विहीर का नाही उभी राहायची? लगेच तिला स्वतःचं हसू आलं. विहीर! माणूस खाटेला खिळला आणि बायको बाहुल्यांचा खेळ मांडतेय. तो काय म्हणेल? म्हणेल, मी काय कुकुलं बाळ आहे? दोन दिवस तिनं तो विचार दूर ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्ली रिकामी असताना ती दारात उभी राहिली, पदर सारखा केला आणि डोळे मिटले.

गल्ली इतकी मोठी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. उंबरठा उतरला, उजवीकडे वळली. डावीकडे वळायचं कारणच नव्हतं, तिकडे गल्ली गोठ्याच्या भिंतीशी संपत होती. हात उजव्या भिंतीला लावून ती चालली. आधी नालीचा वास आला, मग पायाखाली ओल, मग रहाटाची कुरकुर, की ही विहीर. विहीर गेली की तळ्यावरून येणारी गार झुळूक, उजव्या गालाला. मग डावीकडून रमजानचाचाच्या दुकानातली, कापूस पिंजायच्या कमानीची तात, टुंग टुंग टुंग, आणि नाकात शिरणारी कापसाची बारीक धूळ. पुढे भडभुंज्याची भट्टी, ती उजवीकडे, तिची ऊब आधी लागते आणि फुटाण्यांचा वास मागून येतो. तिथून मोठ्या रस्त्याचा गलका. तिनं डोळे उघडले तेव्हा समोर शेजारची पुष्पा कमरेवर घागर घेऊन उभी होती.

“बाई माय! काय करून राहिली तू? नवस बोलली काय?”

“डोळ्यात कचरा गेला.”

“दोन्ही डोळ्यांत? आणि भिंत धरून नाचत होती ते?” पुष्पानं घागर खाली ठेवली. “खरं सांग. अंगात-बिंगात येऊन राहिलं असेल तर आत्ताच सांग, मी लिंबू आणते.”

शकुनं सांगून टाकलं. वाटलं होतं, ही गल्लीभर करेल. पुष्पाच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण पुष्पानं घागर पुन्हा कमरेवर घेतली आणि म्हणाली, “विहिरीच्या अलीकडं पायरी फुटली आहे, ती घाल. माझी सासू पडली होती तिथं.”

कापडाची मारामार होती. दुकानात कापड मिळत नव्हतं, मिळे ते पोत्यासारखं. शकुनं आपल्या रुखवतातली पांढरी चादर काढली, चांगल्या विणीची, आणि मधला न विरलेला भाग घेतला, मांडीवर पसरेल एवढाच. अस्तराला मुरलीधरचं जुनं धोतर, धुवून धुवून जाळीसारखं झालेलं. त्याची वीण नुसत्या श्वासानं बाजूला व्हायची. रमजानचाचानं उशीतला कापूस पिंजून दिला, आणि कशाला हवाय हे ऐकल्यावर आपल्याकडचा मूठभर वर घातला, “हमारी दुकान में अच्छी रुई डालना बेटी, इज्जत का सवाल है.” मोडक्या छत्रीची एक काडी घासून बोथट केली, ती भरायला. आणि धोतरावर कोळशानं तिनं गल्ली काढली. उंबरठा, उजवीकडे वळण, विहीर, दुकान, भट्टी, कोपरा.

दुपारी स्वैपाक आवरला की ती खाटेजवळच बसायची. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे उलटी बाजू वर, उजव्या हातात सुई आणि डावा हात कापडाखाली, आकार नीट उठतोय का ते चाचपायला. रस्त्यासाठी काय घालावं हे दोन दिवस सुचलं नाही. कापूस सुटा भरला की रस्ता गाठीगाठींचा व्हायचा. मग देवापुढे बसली असताना सुचलं आणि तिनं जीभ चावली. वाती! लहानपणापासून वळत आलेल्या, मांडीवर तळहातानं, एकसारख्या, लांब. तिनं समांतर टाक्यांच्या नळ्या केल्या आणि त्यांतून वाती ओवल्या, दोन दोन जवळ, की बोट त्यावरून घसरत जावं. नालीला दोन टाक्यांच्या मधली जागा मोकळीच ठेवली, म्हणजे बोट खाली पडेल. विहिरीला वातीचं कडं, मध्ये पोकळ. फुटकी पायरी म्हणून एक तिरकी घडी. रमजानचाचाचं दुकान चौकोनी, मऊ, फुगरं. भट्टीपाशी हरभऱ्याएवढे दाणे, प्रत्येकाला वेगळी फट, वेगळा कापूस. हे दाणे करताना तिचा जीव रमला. किती दिवसांनी रमला! आणि रमल्याचं लक्षात येताच तिला लाज वाटली. नवरा भिंतीकडे तोंड करून निजलेला आणि आपण फुटाणे भाजत बसलोय. तो घरात होता, दिवसभर होता, लग्नानंतर पहिल्यांदा इतका होता, आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तिला ते बरं वाटत होतं. पहाटे भोंगा वाजला की ‘आज धडधाकट येईल ना’ ही जी धास्ती अकरा वर्षं पोटात उठायची, ती आता उठत नव्हती. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग आपण याला परत तिकडेच धाडायची खटपट कशाला करतोय? सुई थांबायची. खाटेवरून त्याचा श्वास ऐकू यायचा. माणूस झोपलेला नाही हे श्वासावरून कळतं. झोपलेल्याचा श्वास मोकळा असतो. याचा श्वास जपून घेतलेला, जसा काही तोही उसना होता. तिनं पुन्हा डोळे मिटले, डावा हात कापडाखाली नेला, उंबरठ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं. सगळं जागच्या जागी होतं.

“काय शिवून राहिली एवढं?” एकदा त्यानं विचारलं.

“दुलई.”

“कोणाची?”

“होईल तेव्हा सांगीन.”

“प्रतिमाची असेल तर मोठी शिव. पोरगी वाढली असेल.” आणि त्यानं कूस बदलली. शकुचे डोळे भरून आले, म्हणून तिनं दोन टाके चुकीचे घातले आणि मग ते उसवत बसली.

संक्रांत पाच-सहा दिवसांवर आली तेव्हा काम संपलं. तिनं ते धुतलं, दोरीवर वाळवलं, वाळलेलं उन्हात धरून पाहिलं. भरलेल्या जागा गडद, बाकीचं कापड उजळलेलं. सवयीनं तिनं अस्तर आपल्याकडे करूनच धरलं होतं. थंडी मरणाची पडली होती. मुरलीधर खाटेवर मांडी घालून बसला होता, कानाला मफलर. तिनं दुलई त्याच्या मांडीवर पसरली, फुगीर बाजू वर, त्याचं बोट धरून उंबरठ्यावर ठेवलं आणि म्हणाली, “हे आपलं दार. चला बरं.” तिचा आवाज तिलाच खोटा वाटला, शाळेतल्या बाईसारखा.

पण बोट निघालं. उंबरठ्याच्या दोन वाती ओलांडल्या, थबकलं, दुसऱ्या हातानं कापडाची कड चाचपून आली, परत वातीवर गेलं. त्याच्या कपाळावरची शीर हलली. कळत होतं त्याला, हे काय आहे ते कळत होतं! बोट वळणाशी आलं, वळलं, थोडं गेलं आणि थांबलं. परत उंबरठ्याशी आलं. पुन्हा गेलं. आणि मुरलीधर हसला. फसकन, नाकातून, किती महिन्यांनी.

“काय झालं?”

“दारातून निघालो आणि डावीकडे वळलो. डावीकडे कुठं चालवलं मला? गोठ्यात?” तो आणखी हसला, आणि त्या हसण्यात आता कडूपणा उतरला होता. “हे काय, विहीर पण डाव्या हाताला. सगळं उलटं. अग, आंधळा मी झालो का तू?”

शकुनं वाकून पाहिलं. पहिल्यांदाच तिनं ती बाजू नीट, वाट म्हणून पाहिली. खरंच की! दारातून निघालेली वाट डावीकडे जात होती. कोळशानं काढलं होतं ते मागच्या बाजूला, आणि मागची उजवी ती पुढची डावी. फुलाला उजवं-डावं नसतं. सिस्टरच्या वेलीला कधी कुणी विचारलं नाही की तू कुठल्या हाताला वळलीस. एवढी साधी गोष्ट! रुखवताची चादर कापली होती. आता दुसरं कापड नव्हतं, आणि दिवसही नव्हते. तो अजून हसत होता, “बरं झालं दिवाकरला नाही दाखवलंस. लॉरी कोपऱ्यावर आणि मी गोठ्यात म्हशींना रामराम करून राहिलो.” आणि शकुच्या आत काहीतरी फाटकन तुटलं.

“हो! चुकलं! मला काय कळते? मी मागून शिवते, मला मागचंच दिसते!” ती ओरडली. असं ती कधी ओरडली नव्हती, शेजारी पुष्पाचं कपडे धुणं थांबलं. “डोळे मिटून गल्लीत फिरले मी, पुष्पा म्हणे अंगात आलं. तुम्ही काय केलं? भिंतीकडे तोंड! पोरगी तिकडे, मी इकडे, आणि हे भिंतीकडे! तुम्हाला एवढं ठाऊक आहे ना कुठं डावं न कुठं उजवं, मग उठा ना! दाखवा ना!” तिनं ती दुलई एका कडेला धरून ओढली, आणि नको ते डोळ्यांपुढे म्हणून, पुस्तकाचं पान उलटावं तशी पालथी करून त्याच्या मांडीवर टाकली. “घ्या. पांघरा. थंडीला तरी होईल.” आणि चुलीशी जाऊन बसली.

चूल विझली होती. तिनं उगाच राख सारखी केली. मागे काही आवाज नव्हता. आता हा परत निजेल, तिला वाटलं, आणि या वेळचं निजणं आपण दिलेलं असेल. तिनं भांडायला नको होतं. टांगेवाल्यानं निदान माफी मागितली होती. तिनं डोळे पुसले, मान वळवली. मुरलीधर तसाच बसलेला होता. गारठलेल्या माणसासारखे त्यानं दोन्ही हात दुलईखाली घातले होते. पण पालथ्या पडलेल्या दुलईच्या अस्तराखाली काहीतरी चाललं होतं. आधी एका जागी कापड उचललं गेलं, मग ते उचललेलं हळूहळू सरकायला लागलं, उजवीकडे.

“शकु,” तो म्हणाला. “इकडे ये.”

ती उठली नाही.

“ये ना बापा. रागावू नको. हे उजवीकडे वळून राहिलं.”

ती आली. तिला आधी कळेना. मग तिनं आपला डावा हात दुलईखाली घातला, जसा महिनाभर घातला होता, आणि तिला आपलं आपण कळलं, की आपण रोज डोळे मिटून पाहायचो तेव्हा सगळं बरोबर का लागायचं. वाट खालच्या बाजूला होती. खालून चाचपली की ती खरी होती. त्याचा हात तिच्या हाताला लागला, विहिरीपाशी.

“विहीर,” तो म्हणाला. “ही काय, तिरकी?”

“फुटकी पायरी. पुष्पाची सासू पडली होती.”

“हं. आणि हा मऊ, ढेकर आलेल्या पोटासारखा, हा रमजानचाचा.” त्याचं बोट पुढे गेलं, आता घाईनं. “हे दाणे... भट्टी! अग, फुटाणे पण शिवले? येडी आहेस तू.” मग बोट मागे आलं. दुकान आणि भट्टी यांच्या मधे, वातीवरच, ते अडकून राहिलं. “इथं दगड आहे. तू नाही घातला.”

“कुठला दगड? तिथं दगड नाही.”

“आहे. रस्त्याच्या मधोमध, जमिनीतून वर आलेला. रोज सायकलीला दणका बसायचा तिथं. डबा उडायचा.”

“मी चालून पाहिलं ना. डोळे मिटून.”

“तू भिंतीकडून चालली असशील. बायका भिंतीकडून जातात. मी मधून जातो.” त्यानं हात दुलईखालून काढले. खाटेखाली पाय नेऊन चपला शोधल्या. “चल, दाखवतो.”

शकुचा हात त्याचं कोपर धरायला पुढे झाला. तिनं तो परत घेतला आणि पदरात गुंडाळला. उंबरठ्यावर तो थांबला, बोटं हवेत एकदा हलली, उजवीकडे वळला. ती मागे. जीव मुठीत धरून चालणं म्हणजे काय ते तिला त्या दुपारी कळलं. नाली आली तेव्हा त्याचा पाय आपोआप आखडला. पायरी त्यानं टाळली. पुष्पा हात ओल्या साबणाचे तसेच धरून दारात आली, तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता मिटलं. दोनदा तो भलतीकडे कलला. एकदा खांबाला खांदा लागला, तेव्हा त्यानं खांबाला शिवी दिली. रमजानचाचाची तात वाजत होती ती थांबली, आणि मग कुणीतरी सांगितल्यासारखी परत सुरू झाली, जरा मोठ्यानं. दुकान मागे पडलं. आता तो पाय उचलून न टाकता घासत टाकत होता. ती मनात म्हणत होती, असू दे रे देवा, तिथं दगड असू दे.

त्याचा अंगठा ठेचला. “आई ग!” तो ओरडला, आणि लगेच, “हा पाहा!” त्यानं पायानं धूळ, शेणाचा चुरा बाजूला केला. काळा दगड होता, गुळगुळीत, कासवाच्या पाठीएवढा. अकरा वर्षं ती या गल्लीतून जात-येत होती आणि तिनं तो पाहिला नव्हता. तो त्यावर एक पाय ठेवून उभा राहिला. अंगठ्यातून रक्त येत होतं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा तिनं प्रतिमा झाली तेव्हा पाहिला होता.

“घालशील ना?”

“घालीन.”

“कापसानं नाही व्हायचं. कापूस दबते.”

“चिंचोका घालते.”

“अख्खा? मावेल मागून?”

“धागे सरकतात. जरा जास्त सारावे लागतील, एवढंच. मग जुळतात परत.” ती खाली बसून पदराच्या टोकानं त्याचा अंगठा पुसू लागली. “चला आता घरी. रक्त येऊन राहिलं.”

“थांब. कोपरा राहिला ना.” त्यानं पाय सोडवून घेतला. “तुझ्या भावाला निरोप धाड वरुडला. संक्रांतीला पोरीला आणून सोड म्हणा. आणि दिवाकर आला की त्याला काही सांगू नको. मीच सांगीन.”

शकु उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर तो दगडावरून पलीकडे उतरला होता, आणि भट्टीची ऊब लागते का ते पाहायला उजवा हात थोडा पुढे धरून चालायलाही लागला होता.